चुरींचा उजवा कान

प्रथम दिवस नोंदवतो. दिवस नोंदवले नाहीत की प्रकरणे विरून जातात, हा न्यायालयीन कचेरीतल्या माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव आहे. माघातल्या सत्यनारायणाचा रविवार, सकाळी साडेअकराच्या सुमारास: घटना. दुसऱ्या दिवशी, सोमवारी: डोंबिवलीची पहिली फेरी. पुढच्या आठवड्यातला मंगळवार, दुपारी चार: निकाल. मधले नऊ दिवस आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई बोलत होत्या, आणि त्यांचे बोलणे ज्याला कळते असा एकमेव माणूस त्यांच्या शेजारी बसून होता, परंतु त्याला ऐकू येत नव्हते.

आता जबाबदार व्यक्ती. एक: माजिवड्याच्या आमच्या गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष श्री. नाईकनवरे, ज्यांनी वेळेवर घेतलेली हरकत फेटाळली. दोन: पूजेस आलेले गुरुजी, ज्यांनी चष्मा न लावता सुपारी निवडली. तीन: मी, आपटे, ज्याने सुपारी नसलेली वस्तू सुपाऱ्यांच्या शेजारी ठेवली. तिसऱ्या इसमासाठी मी कोणतीही सवलत मागत नाही.

ती वस्तू म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे श्री. हरिश्चंद्र चुरी यांचे कानात बसणारे श्रवणयंत्र. त्या यंत्राचे काय झाले हे कळण्याआधी चुरी हा काय माणूस आहे हे कळले पाहिजे. ते सांगताना माझा राग थोडा वेळ बाजूला पडेल, कारण त्या माणसाविषयी लिहिताना मला रागावता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

आमची ओळख तक्रारीतून झाली. माझ्या न्हाणीघराच्या छताला ओल आली होती. मी अर्जाच्या दोन प्रती घेऊन वर गेलो, घंटी वाजवली. चुरींनी दार उघडले, तळहात वर करून मला उंबऱ्यातच थांबवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवले. टेबलावर पांढऱ्या फडक्यावर टिकलीएवढा एक सेल पडला होता. मी "छताला ओल" एवढे म्हणालो, तर पुन्हा तळहात. आम्ही दोघे पाच मिनिटे त्या सेलकडे बघत गप्प उभे राहिलो. न्यायाधीश आसनावर येतानासुद्धा मी इतका निश्चल उभा राहिलेलो नाही. पाच मिनिटे झाल्यावर त्यांनी तो सेल यंत्रात बसवला, नखाने त्याचे इवलेसे दार लावले, यंत्र उजव्या कानात घातले आणि म्हणाले, "हं, बोला आता. सेल श्वास घेत होता."

मला ती थट्टा वाटली. तसे मी बोललोही.

"थट्टा कसली, आपटे? हा सेल हवेवर चालतो. वरचं स्टिकर काढलं की आत हवा शिरते. लगेच कोंडलात तर उपाशीपोटी कामाला जुंपल्यासारखं होतं. पाच मिनिटं द्यायची त्याला." मग माझा अर्ज न वाचताच त्यांनी विचारले, "ओल किती आहे? माप घेतलंत?"

माप मी घेतले नव्हते. ते स्टीलची पट्टी घेऊन खाली आले, ओल मोजली, पुढच्या रविवारी पुन्हा मोजली, आणि त्याच्या पुढच्या रविवारी स्वतःच्या न्हाणीघरातला एक सांधा स्वतः उकलून पुन्हा बसवला. ओल गेली. माझे अर्ज दाखल होण्यापूर्वीच निकाली निघाले. आयुष्यात असे एकदाच घडले.

चुरींनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढले. साच्यांची आणि गेजांची मापे तपासणे हे त्यांचे काम. भिंतीपलीकडे प्रेस शॉप होते, तिथे पत्र्यावर दिवसभर यंत्रांचे घाव पडत. "डावा कान प्रेस शॉपने अख्खा खाल्ला," ते सांगतात, "उजव्यातला निम्मा ठेवला. निम्मा म्हणजे पुष्कळ आहे." त्या निम्म्याची निगा हा माणूस ज्या रीतीने राखतो, त्या रीतीने मी सरकारी दप्तर राखलेले पाहिलेले नाही, आणि दप्तर राखणे हाच माझा पेशा होता.

रोज सकाळी सात वाजता खिडकीपाशी टेबल येते. टेबलावर घडी घातलेला जाड टॉवेल, यंत्र हातून निसटले तर मऊ जागी पडावे म्हणून. टॉवेलवर मलमलीचे फडके. मग भिंग, एक मऊ ब्रश, आणि चिमटीत जेमतेम धरता येईल अशी एक बारीक काडी. हात साबणाने धुतलेले आणि पूर्ण कोरडे. डोक्याला तेल यंत्र घालण्याच्या तासभर आधी. दोन वर्षांच्या ओळखीनंतर मला हे पाहण्याची परवानगी मिळाली, तीही हाताची घडी घालून.

"तोंड खाली," ते यंत्र उलटे धरून ब्रश फिरवत सांगत. "मळ खाली पडला पाहिजे. लोक तोंड वर धरून घासतात आणि सगळा कचरा आत ढकलतात. आणि मग म्हणतात, यंत्र खराब निघालं!"

"पाण्याने नाही धुवायचं?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी आरोपीला जामीन न मागताच सोडून दिले होते.

"आपटे, पाण्याचं नाव या टेबलाशी काढायचं नाही."

यंत्राच्या टोकाला मोहरीएवढी एक चाळणी असते. कानातला मळ आत जाऊ नये, म्हणून. ती तुंबली की काडीच्या एका टोकाने जुनी ओढून काढायची आणि दुसऱ्या टोकाने नवी बसवायची. साठी उलटलेल्या माणसाने ते काम करताना एकदाही हात थरथरू न देणे, हे मी भिंगातून पाहिले आहे. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. नवी चाळणी बसली की चुरी श्वास सोडत आणि एकच शब्द उच्चारत: "बसली."

बसणे हा त्यांच्या भाषेतला सर्वोच्च सन्मान होय. चालणे हा सर्वांत मोठा अपमान. घरी आलेला प्लंबर, सुतार, वायरमन, कोणीही "चालेल काका" म्हणाला की चुरी उभे राहतात. "चालेल हा शब्द आमच्या टूलरूममध्ये नव्हता. बसतंय का ते सांग." एका वायरमनने वैतागून विचारले होते, "काका, घराला बसवायचंय की रॉकेटला?" चुरी शांतपणे म्हणाले, "रॉकेटवाले तरी मापात काम करतात. तू बस, चहा घे, आणि परत कर." आणि त्याने चहा घेऊन खरोखर परत केले, हे मी साक्षीदार म्हणून सांगतो.

यंत्राला ते यंत्र म्हणत नाहीत. "कान" म्हणतात. "थांबा, कान घालून येतो." "कान डब्यात आहे, नंतर बोलू." स्वयंपाकघरात कुकरची वाफ धरली की ते कान काढून बैठकीत ठेवतात. आमच्या गल्लीतल्या न्हाव्याला सक्त ताकीद आहे: आधी चुरी कान काढून डब्यात ठेवणार, मग पावडरचा डबा उघडायचा. रात्री सेलचे दार उघडे ठेवून कान डब्यात जातो. डब्यात ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी असते, आणि ती पुडीही ते ठरलेल्या दिवशी बदलतात. नव्या सेलवरून काढलेले रंगीत स्टिकर त्याच दिवशी भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरवर चिकटवतात, म्हणजे सेल कधी संपेल याचा अंदाज राहतो. परिणामी त्यांच्या घरात संकष्टी आणि अमावास्या स्टिकरखाली झाकलेल्या असतात आणि उपवास अंदाजाने होतात.

या माणसावर माझा एकच आक्षेप होता. तो मी लेखी नोंदवला होता. संस्थेच्या सभेत अध्यक्ष बोलायला उभे राहिले की चुरी सर्वांदेखत कान काढून डब्यात ठेवत. मी त्यांना पत्र लिहिले की सभासदाचे कर्तव्य केवळ उपस्थितीचे नसून श्रवणाचेही आहे. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. "माझ्याकडे ऐकण्याची शक्ती थोडी आहे. ती मी जपून वापरतो." मी ते उद्धटपणाचे समजून संस्थेच्या फाइलला लावले. नाईकनवरे यांनी ते वाचून सगळ्यांसमोर टाळी वाजवली होती, "काय भारी बोललेत चुरीकाका!" आणि पुढच्या सभेत जरा जास्तच वेळ भाषण केले.

आता शालिनीवहिनींविषयी.

चुरींच्या पत्नीला काही वर्षांपूर्वी कंपवात झाला. हात थरथरतात, चाल मंदावली, आणि आवाज उतरला. उतरला म्हणजे किती? आमच्या इमारतीत सर्वांचा समज असा होता की त्या बोलतच नाहीत. त्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्चीवर बसलेल्या असत; आपण खालून हात केला की ओठ हलत. आम्ही सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलत असू, जणू ऐकू त्यांनाच येत नाही. मीही. "वहिनी! बरं आहे ना?" असे मी त्यांच्यापासून दोन फुटांवर ओरडलेलो आहे. त्याचे उत्तर ओठांच्या हालचालीत मिळे, आणि ते चुरी आम्हाला सांगत.

"ती म्हणते, आपटे, ओरडू नका. मला कान आहेत, यांना नाहीत."

"ती म्हणते, तुमचं नोटीस बोर्डवरचं पत्र वाचलं. तिसऱ्या परिच्छेदात दम नाही."

"ती म्हणते, नाईकनवऱ्यांच्या बायकोने नवा ड्रेस घेतलाय, पण गळ्याला जरा ढगळ बसलाय."

इमारतीत कौतुकाने हसू होई. पण मागे सगळे एकच म्हणत: बिचारा स्वतःच रचतो. बायको गप्प झाली म्हणून तिच्या तोंडी वाक्ये घालतो. मी तर जाहीरपणे म्हणालो होतो की कायद्याच्या दृष्टीने तो सगळा ऐकीव पुरावा आहे आणि ग्राह्य धरता येणार नाही. तिसऱ्या परिच्छेदाविषयीचे मत मात्र मला लागले होते. ते खरे होते.

येथून घटनेस प्रारंभ होतो.

रविवारी पार्किंगमध्ये मंडप होता. नाईकनवरे पतीपत्नी यजमान म्हणून पाटावर बसले होते. गुरुजींची ती त्या दिवसातली तिसरी पूजा, आणि त्यांना चौथी गाठायची होती. लाउडस्पीकर शिट्टी मारत होता. कोणाला काही सुचेना, तेव्हा चुरींना हाक गेली. त्यांनी स्पीकरजवळ जाण्याआधी कान काढला, नखाने सेलचे दार उघडले, कान डब्यात ठेवला आणि डबा माझ्या हातात दिला. "आपटे, धरा. उघडू नका."

हे शब्द मी स्पष्ट ऐकले. तरीही मी डबा उघडला. ताब्यात आलेला मुद्देमाल न तपासता स्वीकारायचा नाही, ही चौतीस वर्षांची सवय. कान तळहातावर घेतला. सुपारीएवढा, तपकिरी, उजवा ओळखू यावा म्हणून एका बाजूला लाल ठिपका. सेलचे दार उघडे दिसले. ते राहून गेले असावे अशा समजुतीने मी लावून टाकले. म्हणजे यंत्र सुरू केले. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

तेवढ्यात नाईकनवरे ओरडले, "आपटेकाका! संकल्पाला सोसायटीचं पूर्ण नाव काय घ्यायचं हो? तुम्हालाच पाठ आहे!"

संस्थेचे नोंदणीकृत नाव कोणी अर्धवट उच्चारले तर मला ते सहन होत नाही. मी कान जवळच्या चौरंगावर, मांडलेल्या सुपाऱ्यांशेजारच्या एका विड्याच्या पानावर ठेवला आणि नाव सांगायला पुढे गेलो. 'मर्यादित' या शब्दासह. परत वळलो तेव्हा पान रिकामे होते.

गुरुजींचा चष्मा त्यांच्या पिशवीत होता. गणपतिपूजनासाठी त्यांनी सुपारी उचलली होती आणि यजमानांना म्हणत होते, "कुंकू आधीच लावून ठेवलंत? छान." मग ध्यानासाठी त्यांनी मूठ मिटली. कानात बसणारे यंत्र सुरू असताना मुठीत झाकले तर ते शिट्टी वाजवते. त्या मुठीतून एक बारीक, उंच, अखंड सूर निघाला.

पहिल्या रांगेतल्या दोन बायकांनी हात जोडले. "अगं बाई," एक कुजबुजली, "बोलला!" गुरुजींनी एक डोळा उघडून मुठीकडे पाहिले, आणि त्यांच्या आवाजात एकदम भक्ती आली. तोपर्यंत ती त्यांच्या आवाजात नव्हती.

त्यांनी कान ताम्हनात ठेवला आणि दुधाची वाटी घेतली.

मी हरकत घेतली. माझे शब्द असे होते: "थांबा! ती सुपारी नाही, चुरींचं श्रवणयंत्र आहे!"

नाईकनवरे हात जोडलेल्या अवस्थेतच माझ्याकडे वळले. "काका, मंत्र सुरू झालाय. मध्ये तोडायचं नसतं. नंतर बघू."

"ते भिजतंय!"

"अहो चालेल! पुसून घेऊ."

दूध, दही, तूप, मध, साखर. प्रत्येकाला स्वतंत्र श्लोक. मी पाचही मोजले. येथे तिसऱ्या इसमाचा दोष नमूद करतो. मी हात घालून तो कान उचलू शकत होतो. ताम्हन माझ्यापासून हातभर अंतरावर होते. मी उचलला नाही. आयुष्यभर मी हरकती घेतल्या आहेत. हात घातलेला नाही.

स्पीकरची शिट्टी थांबली, आणि चुरी मंडपाच्या मागून आले. त्यांना यातले काहीच ऐकू आले नव्हते. त्यांनी आधी माझ्या हातातला उघडा डबा पाहिला. मग माझा चेहरा. मग मी जिकडे बघत होतो ते ताम्हन. त्यांनी चपला काढल्या, पाटापाशी गुडघ्यावर बसले, गुरुजींना "माफ करा" म्हणाले आणि दोन बोटे मधात बुडवून कान बाहेर काढला. गुरुजींची पळी हवेतच राहिली. चुरींनी सेल काढून टाकला, कान उलटा धरला. तोंड खाली. मधाची एक लांब तार ताम्हनात उतरली आणि तुटायला पुष्कळ वेळ लागला.

"सॉरी हं चुरीकाका," नाईकनवरे म्हणाले. "नवीन मिळतं ना बाजारात?"

चुरींना ते ऐकू गेले नाही. ते वर बाल्कनीकडे पाहत होते. वहिनी कठड्याशी वाकल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. चुरींनी ते हलणारे ओठ पाहिले, माझ्याकडे वळले, आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्याने विचारले,

"आपटे, काय म्हणाली ती?"

सगळा मंडप माझ्याकडे पाहू लागला. मला काय कळणार?

सोमवारी मी त्यांच्याबरोबर डोंबिवलीला गेलो. तिथल्या एका बाईंकडे ते कित्येक वर्षे कान तपासून घेतात. ठाण्यात इतके दवाखाने असताना डोंबिवली कशाला, हे मी पूर्वी विचारले होते. "त्यांचं बसतं," एवढेच उत्तर मिळाले होते. मॅडमनी कान भिंगाखाली धरला आणि मान हलवली. "दूध निघालं असतं एखाद्या वेळी. मध आत घट्ट झालाय. कंपनीकडे पाठवते. आतलं सगळं गेलं असेल तर नवा करावा लागेल. कानाचा साचा घेण्यापासून. तीन-चार आठवडे."

चुरींसाठी मी हे कागदावर लिहिले. जन्मभर पत्रे लिहिली, परंतु इतके वाईट पत्र मी कोणाला दिलेले नाही. त्यांनी वाचले आणि म्हणाले, "चार आठवडे जमणार नाही. डॉक्टर म्हणालेत, तिचा आवाज अजून उतरणार. दर महिन्याला थोडाथोडा. आता आहे तेवढा चार आठवड्यांनी असेलच असं नाही."

मॅडमनी कानामागे लावायचे एक तात्पुरते यंत्र दिले. मोठ्या आवाजावर ठेवले की ते शिट्टी वाजवी, लहान आवाजावर वहिनी ऐकू येणार नाहीत. चुरींनी ते काढून त्यांच्या हातात ठेवले. "बसत नाही, मॅडम."

ते बाहेर पाणी प्यायला गेले तेव्हा मॅडम मला म्हणाल्या, "बाकीचे पेशंट सांगतात, टीव्ही ऐकू आला पाहिजे, फोन ऐकू आला पाहिजे. हे दर वेळी बाईंना घेऊन येतात. त्यांना समोर बसवतात आणि सांगतात, या आवाजाला बसवा. इतका बारीक आवाज वर उचलायचा म्हणजे बाकीचं जग त्यांना फार कर्कश ऐकू येत असणार. मी म्हटलं, काका, लोकांत त्रास होईल. तर म्हणाले, लोकांत काढून ठेवीन."

सभेविषयीचे माझे पत्र मला आठवले. फाइलला लावलेले त्यांचे दोन ओळींचे उत्तरही. ते मी त्या क्षणी पुन्हा वाचू शकत नव्हतो याचे मला बरे वाटले.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी वर जाऊ लागलो. पहिल्या संध्याकाळी मी हळू आवाजात विचारले, "वहिनी, बरं आहे ना?" ओठ हलले. बराच वेळ हलले. मी सवयीने चुरींकडे पाहिले.

त्यांनी मान हलवली. "माहीत नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. "ती म्हणते" हे शब्द त्या घरातून गेले. मी घरी येऊन त्यावर विचार केला तेव्हा मला सावकाश कळले की माझ्यासमोर काय पुरावा उभा राहिला आहे. हा माणूस सहज काहीतरी सांगू शकला असता. इतक्या वर्षांत तिला काय बोलायचे असते हे त्याला माहीत नसेल? मला बरे वाटावे म्हणून, तिला बरे वाटावे म्हणून, एक वाक्य. त्याने ते एकदाही केले नाही. शपथ घेऊन खोटे बोलणारी माणसे मी ट्रकभर पाहिली आहेत. कोणी शपथ घातलेली नसताना, रोज संध्याकाळी बायकोसमोर बसून "माहीत नाही" असे उत्तर देणारा एकच पाहिला. त्याच्या त्या नकारामुळे आधीची सगळी वाक्ये खरी ठरली. नाईकनवऱ्यांच्या पत्नीच्या ड्रेसचे वाक्यसुद्धा.

वहिनींना लिहायला कागद देऊन पाहिला. पहिला शब्द वाटाण्याएवढा, दुसरा मोहरीएवढा, आणि पुढे नुसती रेघ. मी त्यांच्या ओठांशी कान नेला. श्वास ऐकू आला, आणि कदाचित एक अक्षर. शपथेवर सांगू शकणार नाही. चुरी खुर्ची त्यांच्याजवळ नेहमीच्या जागी ओढून बसत. "मला ऐकू येत नाहीये," ते त्यांना सांगत, फार मोठ्याने. "पण तू बोल. बोलणं सोडू नकोस. सोडलंस तर आवाज बसेल." आणि त्या बोलत. तासन् तास. चुरी मान डोलावत नसत. न ऐकलेल्याला होकार द्यायचा नाही, हाही टूलरूमचाच नियम असावा.

पुढच्या मंगळवारी मॅडमचा फोन आला. तो मी घेतला. आतला एक भाग बदलावा लागला होता, पण बाकीचे वाचले होते. मी गाडी केली, दोघांना घेऊन डोंबिवलीला गेलो. मॅडमनी कान संगणकाला जोडला, वहिनींना समोर बसवले आणि म्हणाल्या, "बोला, मावशी." वहिनींचे ओठ हलले. मला काही ऐकू आले नाही. परंतु पडद्यावर एक हिरवी रेषा उठली, पडली, पुन्हा उठली. त्यांचे बोलणे तिथे होते. मी दोन्ही डोळ्यांनी पाहिले.

चुरींनी डाव्या हाताने डोक्यावरून उजवा कान वर ओढून धरला, उजव्या हाताने यंत्र आत फिरवले, आणि थांबले. वहिनी बोलतच होत्या. चुरी एकदम हसले. मोठ्याने, खदखदून, डोळे पुसत.

"काय म्हणाल्या?" मी विचारले.

"ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही," ते म्हणाले. या वेळी आवाज अगदी मापात होता.

घरी आलो. मी त्यांना वरपर्यंत सोडायला गेलो. वहिनी त्यांच्या खुर्चीत बसल्या. चुरींनी चहासुद्धा टाकला नाही. आपली खुर्ची ओढली, उजवा कान त्यांच्या बाजूला केला, आणि म्हणाले,

"हं. रविवार सकाळपासून सांग."

त्यांनी सुरुवात केली. मी दार ओढून घेतले.

खाली उतरताना सूचना फलकावर संस्थेच्या कार्यक्रमाचे इतिवृत्त लागलेले दिसले. त्यात अध्यक्षांच्या सहीनिशी लिहिले आहे: "श्रीसत्यनारायणाची पूजा निर्विघ्नपणे पार पडली." मी ते वाक्य तीनदा वाचले. त्यानंतर हा मजकूर लिहायला बसलो.

गुरुजींनी माझ्याकडे दूरध्वनीवरून दिलगिरी व्यक्त केली आहे, आणि आता ते चष्मा लावून पूजा सांगतात असे कळते. त्यांच्याविरुद्ध माझे काही म्हणणे उरलेले नाही. माझा स्वतःचा जबाब वर आला आहे, तो मी कोठेही, कोणासमोरही वाचून दाखवीन. राहता राहिले अध्यक्ष. त्यांनी येत्या सर्वसाधारण सभेत उभे राहून, सर्व सभासदांसमक्ष, एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे. ताम्हनाशेजारून मी दोनदा घेतलेली हरकत त्यांना ऐकू आली होती की नव्हती? आली होती, असे म्हणणे असेल, तर "निर्विघ्न" हा शब्द त्याच सभेत स्वतःच्या हाताने खोडावा. नव्हती, असे म्हणणे असेल, तर कारण द्यावे. त्यांचे दोन्ही कान शाबूत आहेत.